स्फोट एका ठिकाणी, संशय घरोघरी

२३ एप्रिल २०२५ ची सकाळ. आदल्या दुपारी पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात २६ माणसं मारली गेली होती. त्यांतले सहा जण आपल्या महाराष्ट्रातले. तिघे डोंबिवलीचे, दोघे पुण्याचे, एक पनवेलचे. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्रभर मेणबत्त्या, तिरंगे, हात जोडलेले इमोजी चालू होते. सकाळी सव्वासातला एकानं लिहिलं, 'आता तरी शहाणे व्हा. आजपासून त्यांच्याकडून एक रुपयाची वस्तू घेऊ नका.' खाली तीसेक अंगठे. साडेनऊला त्याच गृहस्थांचा पुढचा मेसेज आला, 'फ्रीज बंद पडलाय. तो आपला नेहमीचा मेकॅनिक, त्याचा नंबर आहे का कुणाकडे?'

तो नेहमीचा मेकॅनिक मुसलमान आहे. वीस वर्षं तोच येतो.

मी हसलो, आणि मग हसू गेलं. कारण ते गृहस्थ दुष्ट नाहीत. दोन्ही मेसेज त्यांनी मनापासून लिहिले होते. एकाच डोक्यात 'त्यांच्याकडून काही घेऊ नका' आणि 'तो आपला नेहमीचा' हे दोन्ही सुखानं नांदत होतं. हे कसं होतं, आणि दर हल्ल्यानंतर तसंच का होतं, ते समजून घेण्यासाठी हा लेख.

आधी शब्द नक्की करू

दहशतवाद म्हणजे नुसता खून नव्हे. आपल्याकडच्या बेकायदा कृत्ये प्रतिबंध कायद्यात (यालाच सगळे यूएपीए म्हणतात) त्याची व्याख्या आहे. थोडक्यात सांगायचं तर देशाची एकता, सुरक्षितता धोक्यात आणण्याच्या किंवा लोकांमध्ये दहशत पसरवण्याच्या हेतूनं केलेला हिंसाचार. यातला 'लोकांमध्ये' हा शब्द महत्त्वाचा. खुनी ज्याला मारतो, त्याच्याशीच त्याचं भांडण असतं. दहशतवादी ज्याला मारतो, त्याला तो बहुधा ओळखतही नसतो. त्याचं बोलणं बघणाऱ्याशी चाललेलं असतं.

दुसरा शब्द सामूहिक दोषारोप. चार जणांनी केलेल्या कृत्याचा जाब त्यांच्या जातीच्या, धर्माच्या, प्रांताच्या लाखो लोकांकडे मागणं. अवघड शब्द एवढाच. पुढं मी त्याला सरळ 'सगळ्यांवर खापर' म्हणेन.

गोळी एकाला, निरोप सगळ्यांना

बैसरनला मारेकऱ्यांनी धर्म विचारून माणसं मारली. वाचलेल्या नातेवाइकांनी हे सांगितलंय आणि ते झाकून ठेवण्याचं काही कारण नाही. पण जरा थांबून विचार करा. मारणाऱ्याला फक्त मारायचंच असतं, तर विचारण्यात वेळ कशाला घालवायचा? जागा उघडी, पळायला वाट कमी, हातात बंदुका. तरी विचारलं. आणि बायकांना जिवंत सोडलं. कारण हे विचारलेलं जाऊन सांगणारं कुणीतरी हवं होतं.

ऑपरेशन सिंदूरच्या सकाळी, ७ मे रोजी, परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी पत्रकारांसमोर नेमकं हेच मांडलं. हल्ल्याच्या या पद्धतीमागे जम्मू-काश्मीरमध्ये आणि उरलेल्या देशातही धार्मिक तेढ भडकवण्याचा हेतू होता, असं सरकारचं अधिकृत म्हणणं होतं. म्हणजे भारत सरकारच्या हिशेबानं हल्ल्याचे दोन भाग होते. पहिला कुरणात पार पडला. दुसरा आपल्या मोबाइलवर पार पडायचा होता, आणि तो आपण पार पाडायचा होता.

हा डाव नवा नाही. आयसिसनं तर तो छापूनच सांगितला होता. त्यांच्या इंग्रजी प्रचारपत्रिकेत फेब्रुवारी २०१५ मध्ये 'करडा पट्टा' संपवण्याबद्दल एक मोठा लेख आला. करडा पट्टा म्हणजे ती जागा, जिथे मुसलमान आपल्या बिगरमुस्लिम शेजाऱ्यांसोबत साधेपणानं राहतात, नोकऱ्या करतात, पोरांना शाळेत घालतात. ही जागा आयसिसला डोळ्यांत सलत होती. त्यांचं गणित सोपं होतं. हल्ले करा, म्हणजे बाकीचे लोक सगळ्या मुसलमानांवर चिडतील, त्यांना नोकऱ्या देणार नाहीत, घरं देणार नाहीत. मग त्यांना आपल्याकडे येण्यावाचून वाट उरणार नाही. आमचा फ्रीजवाला हा त्या करड्या पट्ट्यातला माणूस. 'एक रुपयाची वस्तू घेऊ नका' हा मेसेज त्या लेखाच्या लेखकानं वाचला असता, तर त्यानंही अंगठा दाखवला असता.

डोकं असं का चालतं?

आता कुणी म्हणेल, आम्हाला राग येतो तो काय कुणी शिकवलेला असतो? नाही. राग खरा असतो. पण तो ज्या वाटेनं वळतो, ती वाट डोक्यात आधीपासून पडलेली असते.

१९७६ मध्ये हॅमिल्टन आणि गिफर्ड या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना ३९ वाक्यं वाचायला दिली. 'अ गटातल्या एकानं आजारी मित्राला भेट दिली', 'ब गटातल्या एकानं कुणाला शिवी दिली', अशा धर्तीची. अ गट मोठा होता, त्याची २६ वाक्यं. ब गट छोटा, त्याची १३. मोठ्या गटात १८ चांगली, ८ वाईट. छोट्या गटात ९ चांगली, ४ वाईट. म्हणजे प्रमाण तंतोतंत सारखं. गट काल्पनिक, कुणाचा कुणाशी संबंध नाही, पूर्वग्रह असायचं कारणच नाही. तरी नंतर विचारल्यावर लोकांना छोटा गट जास्त वाईट वाटला, आणि त्याच्या नावावर प्रत्यक्षाहून जास्त वाईट कामं जमा झाली.

का? छोटा गट क्वचित दिसतो, म्हणून लक्षात राहतो. वाईट कृत्य क्वचित घडतं, म्हणून तेही लक्षात राहतं. दोन क्वचितच्या गोष्टी एकत्र आल्या की मेंदू गाठ मारून ठेवतो. वर्गात चाळीस पोरांमध्ये एक चष्मेवाला असला आणि त्यानं एकदा काच फोडली, तर पुढं दहा वर्षं 'काच फोडणारा तो चष्मेवाला' असंच आठवतं. चष्मा नसलेल्या ज्या पाच पोरांनी काचा फोडल्या, त्यांची नावं कुणालाच आठवत नाहीत.

यात आणखी एक भर पडते. आपली माणसं आपल्याला एकेक करून दिसतात, परकी घोळक्यानं. मराठी माणसाला कोकणस्थ, देशस्थ, मराठा, माळी, आगरी, कोळी, वऱ्हाडी, सगळं वेगळं कळतं. नागपूरकर आणि कोल्हापूरकर यांच्या रश्श्यावरून आपण तासभर भांडू. पण मुसलमान म्हटलं की भेंडीबाजारातला बोहरा, रत्नागिरीचा दालदी, मालेगावचा मोमीन विणकर आणि मिरजेचा सतारमेकर, सगळे एकाच पोत्यात. रत्नागिरीच्या मुसलमानाच्या घरात कोकणी बोलतात, आंबोळ्या होतात, हे सांगितलं तर शहरातल्या बऱ्याच जणांना गंमत वाटते. गंमत वाटावी, इतकं ते माहीत नसतं.

लेडीज डब्यातली पाकीटमार

दर हल्ल्यानंतर एक वाक्य हमखास येतं. 'सगळे मुसलमान अतिरेकी नसतात हो, पण सगळे अतिरेकी मुसलमानच असतात.' बोलणाऱ्याला वाटतं आपण पहिल्या अर्ध्या वाक्यात उदारपणा दाखवला आणि दुसऱ्या अर्ध्यात सत्य सांगितलं.

दुसरं अर्धं आधी तपासू. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान अटलांटिकवर उडवलं गेलं, ३२९ माणसं गेली. कट खलिस्तान्यांचा. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली, ती लिट्टेच्या आत्मघातकी हल्लेखोर बाईनं केली. ६ एप्रिल २०१० रोजी दंतेवाड्यात ७६ जवान मारले गेले, मारणारे माओवादी. आपल्या गडचिरोलीनंही वर्षानुवर्षं तेच सोसलंय. परदेशात जायचं तर १९९५ साली ओक्लाहोमा सिटीत १६८ माणसं उडवणारा टिमोथी मॅकव्हे अमेरिकेच्याच सैन्यातून बाहेर पडलेला होता. तेव्हा हे अर्धं वाक्य सरळ चुकीचं आहे.

पण समजा, वादापुरतं, ते खरं आहे. तरी त्यातून काय निघतं? मुंबईच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात गर्दीच्या वेळी पाकीट मारणारी जवळपास नेहमी बाईच असते. पुरुष तिथे चढतच नाहीत. मग विरार लोकलच्या लेडीज डब्यात शिरून तुम्ही म्हणाल का, की पाकीटमार बायकाच असतात, तेव्हा तुम्ही सगळ्या आधी निर्दोष असल्याचं सिद्ध करा? 'बहुतेक चोर या गटातले' आणि 'या गटातले बहुतेक चोर' ही दोन वाक्यं दिसायला जुळ्या बहिणी, पण त्यांचं रक्ताचं नातं नाही.

आकड्यांत बघू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी २९ लाख मुसलमान होते, राज्याच्या साडेअकरा टक्के. आता एक भयंकर कल्पना करू. त्यांतले चक्क १३०० लोक दहशतवादी संघटनांना मदत करणारे आहेत. (हा आकडा माझ्या मनातला, कुठल्याही तपासातला नाही. मुद्दाम फुगवलाय.) तरी ते दहा हजारांत एक पडले. म्हणजे रस्त्यावरच्या टोपीवाल्या माणसाकडे तुम्ही संशयानं बघितलंत, तर दहा हजार वेळांपैकी नऊ हजार नऊशे नव्याण्णव वेळा तुम्ही चुकलात. ज्या धूर-गजराचं हे प्रमाण असेल, तो आमच्या सोसायटीनं पहिल्याच आठवड्यात काढून भंगारात टाकला असता.

अठ्ठेचाळीसचं जळीत

हे सगळं मानसशास्त्र बाजूला ठेवा. मराठी माणसाला सगळ्यांवर खापर म्हणजे काय, हे समजावायला अमेरिकेतले प्रयोग लागू नयेत.

३० जानेवारी १९४८. नथुराम गोडसेनं दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या. गोडसे पुण्यातला, एका दैनिकाचा संपादक, जातीनं ब्राह्मण. बातमी पोचली आणि पुढच्या काही दिवसांत पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत, गावोगाव ब्राह्मणांची घरं जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ पेटवला. मुंबईत सावरकरांचे धाकटे बंधू डॉ. नारायण सावरकर यांना जमावानं दगडांनी ठेचलं, पुढच्या वर्षी ते गेले.

माझ्या आजीचं माहेर कऱ्हाडच्या बाजूला. तिचे वडील भिक्षुकी करायचे, गांधींच्या सभेला एकदा पायी चालत गेले होते म्हणायची. त्यांनी गोडसेचं नाव त्या दिवसापर्यंत ऐकलेलं नव्हतं. घर गेलं, दप्तरं गेली, गोठ्यातली एक म्हैस दावं तोडून पळाली तेवढी वाचली. आजीच्या तोंडी कायम एकच वाक्य असायचं, 'आम्ही काय केलं होतं गं?' आमच्या घरात त्याला 'जळीत' म्हणतात. अनेकांच्या घरात म्हणतात.

गंमत, म्हणजे कडू गंमत, अशी की आजीचाच एक नातू हल्ली मला रोज 'त्यांच्या'बद्दलचे व्हिडिओ पाठवतो. त्याला जळीत पाठ आहे. त्यातला अन्याय त्याला नेमका कळतो. एकाच्या पिस्तुलाचा हिशेब अख्ख्या जातीनं का चुकवायचा, असं तो आजही तावातावानं विचारतो. फक्त हा प्रश्न दुसऱ्या कुणालाही पडू शकतो, हे त्याच्या गावी नाही.

३६ वर्षांनी दिल्लीत तेच झालं. इंदिरा गांधींना दोन शीख अंगरक्षकांनी मारलं, आणि नुसत्या दिल्लीत सरकारी आकड्यानुसार २,७३३ शीख मारले गेले. ११ सप्टेंबर २००१ नंतर चौथ्या दिवशी अमेरिकेतल्या ॲरिझोनात एका पेट्रोल पंपाच्या मालकाला 'मुसलमान' समजून गोळ्या घातल्या गेल्या. तो शीख होता, पगडीवरून ओळखला. म्हणजे चुकीच्या ओळखीतही चूक.

पहिले चोवीस तास

हल्ल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत माहिती जवळजवळ नसते आणि भूक प्रचंड असते. दुधाची पिशवी यायच्या आधीच चहाला आधण ठेवल्यासारखं. मग भांड्यात जे मिळेल ते पडतं.

२२ जुलै २०११ रोजी नॉर्वेत ऑस्लोत स्फोट झाला आणि जवळच्या उटोया बेटावर गोळीबार. ७७ जण गेले. पहिल्या काही तासांत जगभरच्या वाहिन्यांवर तज्ज्ञ मंडळी जिहादी संघटनांची नावं चघळत होती. पकडला गेला तो अँडर्स ब्रेविक, नॉर्वेजियन, आणि मुसलमानांचा कट्टर द्वेष्टा. जुलै २०२४ मध्ये इंग्लंडच्या साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींना भोसकून मारलं गेलं. हल्लेखोर नुकताच होडीतून आलेला मुसलमान आहे, अशी अफवा एका बनावट नावासह पसरली. दुसऱ्या दिवशी जमाव तिथल्या मशिदीवर चालून गेला, आणि पुढं शहरामागून शहरात दंगली झाल्या. हल्लेखोर प्रत्यक्षात कार्डिफमध्ये जन्मलेला होता.

वाहिन्यांचा वाटा यात किती? अमेरिकेतल्या २००६ ते २०१५ मधल्या हल्ल्यांच्या बातम्या मोजणारा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हल्लेखोर मुसलमान असेल तर त्या हल्ल्याला सरासरी ३५७ टक्के जास्त बातम्या मिळाल्या होत्या, तेही किती माणसं मेली वगैरे फरक जमेस धरून. मघाचा छोट्या गटाचा प्रयोग आठवा. मेंदू आधीच गाठ मारायला बसलेला, आणि वाहिनी त्याला दोऱ्याचं रीळच आणून देते. आपल्या मराठी वाहिन्यांवरची रात्री नऊची कुस्ती कुणी मोजली आहे का, कल्पना नाही. मोजायला बसणाऱ्याच्या कानांची काळजी वाटते.

या पहिल्या तासांचं महत्त्व शरद पवारांना पक्कं ठाऊक होतं. १२ मार्च १९९३. मुंबईत साखळी स्फोट झाले, २५७ जण मेले. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी शहर दंगलीत जळून निघालेलं. पवार तेव्हा मुख्यमंत्री. स्फोट झालेली सगळी ठिकाणं हिंदूबहुल भागांतली आहेत हे लोकांना कळलं, तर संध्याकाळपर्यंत पुन्हा दंगल उसळेल, असं त्यांनी ताडलं. म्हणून त्यांनी जाहीर सांगताना एका मुस्लिम वस्तीतलाही स्फोट यादीत घातला, जो झालेलाच नव्हता. पुढं त्यांनी स्वतःच हे कबूल केलं. यावर त्यांना अजून शिव्या पडतात. मुख्यमंत्र्यानं खोटं बोलावं का? मला तो पायंडा आवडत नाही. एकदा असं झालं की पुढच्या वेळी खरं सांगितलं तरी लोक ठेवतील का विश्वास? पण त्या दुपारी त्या खुर्चीत मी नव्हतो, आणि दंगल झाली नाही, हेही खरं.

संशय तपासात शिरला की

सगळ्यांवर खापर फोडण्याचा तोटा फक्त ज्यांच्यावर फुटतं त्यांना होतो, असं वाटतं. मालेगावचं उदाहरण बघा.

८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बारात. मालेगावात बडा कब्रस्तान आणि मशिदीच्या परिसरात स्फोट झाले, ३० हून जास्त माणसं गेली, जवळपास सगळी मुसलमान. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकानं म्हणजे एटीएसनं पकडले तेही नऊ मुसलमान. पाचेक वर्षं ते आत होते. नंतर राष्ट्रीय तपास संस्थेनं म्हणजे एनआयएनं तपास दुसऱ्याच दिशेनं नेला, आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयानं त्यांना आरोपमुक्त केलं. तोवर नऊपैकी एक वारला होता.

२००६ मध्येच, ११ जुलैला, पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले होते. १८० हून जास्त मुंबईकर गेले. २०१५ मध्ये विशेष न्यायालयानं १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं सगळ्या बाराही जणांना निर्दोष सोडलं, सरकारी पक्षाला गुन्हा सिद्ध करता आला नाही म्हणून. सर्वोच्च न्यायालयानं तीन दिवसांनी सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, पण सुटलेल्यांना परत आत टाकलं नाही. बारांपैकी एक जण २०२१ मध्येच तुरुंगात मेला होता.

त्यानंतर दहाच दिवसांनी, ३१ जुलै २०२५ ला, मालेगावच्या २००८ च्या स्फोटातले सातही आरोपी सुटले. यात प्रज्ञासिंह ठाकूर आणि लेफ्टनंट कर्नल पुरोहित होते. पुन्हा तेच, पुरावा टिकला नाही. त्या खटल्याच्या काळात 'भगवा दहशतवाद' हा शब्द कोणी किती सैलपणे वापरला, तेही आठवा. एका खटल्यातल्या आरोपींवरून रंगालाच आरोपी करणं ही तीच चूक, फक्त पोतं दुसरं.

आता विरार लोकलमध्ये ज्याचा मुलगा गेला, त्या बापाला काय मिळालं? १९ वर्षं आणि शून्य. 'कोण असणार, तेच असणार' हे ज्यांना तासाभरात कळलेलं असतं, त्यांना एक गोष्ट कळत नाही. चुकीचा माणूस आत असेल, तर बरोबर माणूस बाहेर असतो.

'मग ते निषेध का करत नाहीत?'

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की उत्तर पाठ झालंय. फेब्रुवारी २००८ मध्ये देवबंदच्या दारुल उलूमनं देशभरच्या उलेमांना बोलावून दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला, १६६ जण गेले, आणि मेलेल्यांत मुसलमानही पुष्कळ होते. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांचे मृतदेह पुरायची वेळ आली, तेव्हा मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी जागा नाकारली. असं करणारे आमच्यातले नाहीत, त्यांना आमच्या मातीत जागा नाही, हा त्यांचा सूर होता. कब्र नाकारणं ही मुसलमानाच्या लेखी किती मोठी गोष्ट आहे, ते त्यांच्यातल्या कुणाला विचारा. ते नऊ मृतदेह जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात वर्षाहून जास्त काळ पडून राहिले. जानेवारी २०१० मध्ये सरकारनं ते गुपचूप पुरले, आणि आर. आर. पाटलांनी एप्रिलमध्ये विधिमंडळात ते सांगितलं, तेव्हा कुठे बाहेर कळलं.

पहलगामनंतर दुसऱ्याच दिवशी काश्मीर खोऱ्यात हल्ल्याच्या निषेधार्थ कडकडीत बंद झाला. मशिदींच्या भोंग्यांवरून निषेध झाला. तिथल्या वर्तमानपत्रांनी पहिलं पान काळं छापलं. बैसरनला मेलेल्या २६ मध्ये एक तिथलाच मुसलमान घोडेवालाही होता. तरी डेहराडूनसारख्या ठिकाणी शिकणाऱ्या काश्मिरी पोरांना खोल्या सोडून जाण्याच्या धमक्या आल्याच.

आणि जगाचा विचार केला तर जिहादी संघटनांनी सगळ्यात जास्त मारलेत ते मुसलमानच. इराक, अफगाणिस्तान, पाकिस्तान, अलीकडे बुर्किना फासो. डिसेंबर २०१४ मध्ये पेशावरच्या लष्करी शाळेत शिरून पाकिस्तानी तालिबाननं सव्वाशेहून जास्त पोरं मारली. त्यांच्या आयांना 'तुम्ही निषेध करता की नाही' असं कोण विचारणार?

'म्हणजे धर्माचं नावच काढायचं नाही?'

काढायचं. लष्कर-ए-तय्यबा ही धर्माच्या नावानं माणसं मारणारी संघटना आहे. तिचा विचार धार्मिक आहे, तिची भरती धार्मिक भाषेत होते, तिला पाकिस्तानात आसरा मिळतो. पहलगामची जबाबदारी आधी घेऊन मग हात झटकणारी टीआरएफ (द रेझिस्टन्स फ्रंट) ही तिचीच पिलावळ. हे सगळं सडेतोड लिहावं, त्या विचाराची चिरफाड करावी, मुस्लिम समाजातल्या कट्टरपणावरही टीका करावी. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई साठ-सत्तरच्या दशकात मराठीतून तेच करत होते, आणि शिव्याही खात होते. मऊ बोलणं म्हणजे शहाणपण, असं माझं म्हणणं अजिबात नाही.

रेघ कुठे आहे, ते कायद्याच्या भाषेत सांगता येतं. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ (जुनं १५३ अ) धर्म, जात, भाषा यांवरून गटागटांत वैर पसरवण्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं. द्वेषपूर्ण भाषणाची वेगळी व्याख्या मात्र आपल्या कायद्यात नाही. विधी आयोगानं २०१७ मध्ये वेगळी कलमं सुचवली, ती तशीच पडून आहेत. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं की असं भाषण झालं तर तक्रारीची वाट न बघता गुन्हा नोंदवा. किती ठिकाणी नोंदवतात, ते आपण बघतोच.

मे २०२५ मधला एक प्रसंग या रेघेवर बरोबर बोट ठेवतो. ऑपरेशन सिंदूरची माहिती देशाला द्यायला ज्या दोन महिला अधिकारी उभ्या राहिल्या, त्यांत कर्नल सोफिया कुरेशी होत्या. २०१६ मध्ये पुण्यात १८ देशांच्या लष्करी सरावात भारतीय तुकडीचं नेतृत्व त्यांनीच केलं होतं. मध्य प्रदेशातले एक मंत्री, विजय शाह, सभेत बोलताना त्यांना दहशतवाद्यांच्या बहिणीच्या रांगेत बसवून मोकळे झाले. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेऊन गुन्हा नोंदवायला लावला. सर्वोच्च न्यायालयानं माफीही मानली नाही. मंत्र्यांना बहुधा कौतुकच करायचं होतं. पण डोक्यातलं पोतं एवढं घट्ट शिवलेलं, की गणवेशातली कर्नलही त्यातून बाहेर येईना.

पोत्याबाहेर यायचा प्रयत्न करणाऱ्याचं काय होतं, तेही त्याच दिवसांत दिसलं. पहलगामला नवरा गमावलेली एक तरुण बाई म्हणाली की लोकांनी मुसलमानांच्या, काश्मिरींच्या मागे लागू नये, आम्हाला शांतता हवी, आणि न्यायही. तिला समाजमाध्यमांवर इतक्या घाण शिव्या पडल्या की राष्ट्रीय महिला आयोगाला पत्रक काढावं लागलं. जिच्या दुःखाच्या नावानं सगळे चवताळले होते, तिलाच बोलायची परवानगी नव्हती.

तर तो फ्रीज. नंबर मीच दिला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, आमच्या जिन्यात भेटला. हातात त्याची जुनी अवजारांची पेटी. मी काही विचारायच्या आत म्हणाला, 'पहलगामचं फार वाईट झालं साहेब. फासावर द्यायला पाहिजे त्यांना.' मी हो म्हटलं. त्या गृहस्थांच्या दारात पोचल्यावर बेल वाजवून, दार उघडल्या उघडल्या, त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलेलं मला खालपर्यंत ऐकू आलं. मग विचारलं, 'थंड होत नाही का? बघू, गॅस गेला असेल.'